पडला, असं मी लिहिलं

तो माझ्यासमोर येऊन बसला तेव्हा त्याचा खालचा ओठ मधोमध फाटला होता आणि रक्त हनुवटीवरून गणवेशाच्या कॉलरमध्ये उतरत होतं. शेजारी त्याचा कॉर्पोरल उभा होता. मी काही विचारायच्या आतच कॉर्पोरल म्हणाला, "जिन्यावरून पडला, मॅम. बूट ओले होते."

माझ्या खोलीत रुग्णाच्या वतीने दुसरं कुणी बोललेलं मला खपत नाही. मग तो नवरा असो, सासू असो, नाहीतर कॉर्पोरल. मी म्हटलं, "पडलं कोण, तुम्ही का? नाही ना? मग बाहेर बसा." तो कानापर्यंत लाल झाला, पण गेला. मी दार लावून घेतलं आणि हातमोजे चढवले.

ही गोष्ट इंग्लंडातल्या, हॅम्पशायरमधल्या एका छावणीतली. इराकची लढाई चालू होती ती वर्षं. मी नागपूरची डॉक्टर, नवरा पुण्याचा, बेसिंगस्टोकच्या एका बिझनेस पार्कमध्ये सॉफ्टवेअरमध्ये. फौजेचे स्वतःचे डॉक्टर लढाईवर गेले की मागे राहिलेल्यांचे गुडघे आणि पाठी तपासायला माझ्यासारख्या बिनगणवेशाच्या डॉक्टरांना नेमत. पलटणीत तेव्हा घाना, फिजी, कॅरिबियन बेटं अशा ठिकाणांहून भरती झालेले बरेच जण होते. हा घानाचा. बावीस-तेवीस वर्षांचा, दारात वाकून येईल एवढा उंच, आणि बोलायचा मात्र इतकं हळू की मला पुढे झुकून ऐकावं लागे.

ओठाला टाके घालताना तो हलला नाही. नंतर म्हणाला, "चौघे होते, मॅम. उशीचा अभ्रा डोक्यावरून खाली ओढला आणि बुटांनी मारलं."

"कशासाठी?"

"खोलीत वास येतो म्हणाले. माझा."

मारताना ते त्याला काय म्हणत होते तेही त्याने सांगितलं. तो शब्द मी इथे लिहिणार नाही. त्याने तो अगदी सपाट आवाजात उच्चारला, जणू दुसऱ्याच कुणाचा निरोप देत होता. मग दाराकडे बोट केलं. "बाहेर बसलाय तो त्यातला एक."

मी त्याचा शर्ट वर केला. उजव्या बाजूला बुटाच्या तळव्याची नक्षी उठली होती, अगदी मोजता येईल अशी. बोटांनी दाबलं तर दोन बरगड्या आतल्या आत कुरकुरल्या. तो एकदाच हं म्हणाला. मी कागद पुढे ओढला तसा तो म्हणाला, "हे सगळं लिहा, मॅम."

आणि मी पेन खाली ठेवलं.

त्याला मी जे सांगितलं ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. "हे बघ, मी मारहाण लिहिली की लष्करी पोलीस येतील. तुला प्रश्न विचारतील, त्या चौघांना विचारतील, आणि रात्री तू पुन्हा त्याच खोलीत झोपणार आहेस. मी पडला असं लिहिते. तुला दहा दिवस हलकं काम देते. बरगड्या जुळू देत, मग बघू." तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "यस, मॅम." मी लिहिलं: जिन्यावरून पडल्याचा इतिहास. खाली झोकात सही.

ही अक्कल मी नागपूरहून आणली होती. आमच्या सरकारी इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत मारहाण, जळणं, विष असं काही आलं की कागदावर पोलीस केसचा शिक्का मारावा लागे. एमएलसी म्हणायचो आम्ही त्याला. एमएलसी म्हणजे पुढची सात-आठ वर्षं कोर्टाची समन्स. बदली होऊन कुठेही गेलात तरी भंडाऱ्याच्या नाहीतर गोंदियाच्या कोर्टात बाकावर बसून राहायचं आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन परत यायचं. म्हणून आमचे सीनियर इंटर्नशिपच्या पहिल्याच आठवड्यात शिकवून ठेवत: जीव वाचव, आणि कागदावर पडला लिही. डोक्यात कुऱ्हाड बसलेला माणूस माझ्या हस्ताक्षरात बैलगाडीवरून पडलेला आहे. एकदा एक नवी नवरी आली, छातीपासून मांड्यांपर्यंत जळलेली. कातडी हातमोज्यांना चिकटून येत होती. ती शुद्धीवर होती आणि सासूचं नाव घेत होती. दारात सासरची सात माणसं उभी होती, त्यातल्या एकाने लोखंडी खुर्ची उचलून माझ्या दिशेने फेकली. ती माझ्या कानाजवळून भिंतीवर आदळली. मी लिहिलं: स्टोव्हचा भडका. ती तिसऱ्या दिवशी गेली. मी त्या रात्री झोपले. सगळे झोपत. नाहीतर ती नोकरी होत नाही, असं आम्ही एकमेकांना सांगायचो आणि आम्हाला ते पटायचं.

तर मी त्या सैनिकावर उपकारच करत होते. निदान माझी तशी समजूत होती.

पण त्या समजुतीखाली आणखी काहीतरी होतं आणि तेही आता सांगूनच टाकते. इंग्लंडात आमचं पहिलं घर इल्फर्डला होतं. वरच्या मजल्यावर एक नायजेरियन कुटुंब राहायचं. माणसं सभ्य, भेटली की हसणारी. सहा महिन्यांत आम्ही ते घर सोडलं. सगळ्यांना सांगितलं, स्टेशन लांब पडतं. स्टेशन चार मिनिटांवर होतं. खरं कारण असं की जिन्यात त्यांच्याशी गाठ पडली की मी पोरीचा हात घट्ट धरायची. मी स्वतः काळीसावळी. नागपुरात मला बघायला आलेल्या दोन स्थळांनी रंगावरून नकार दिला होता आणि त्यांच्या नावाने मी आजही बोटं मोडते. तरी जिन्यात पोरीचा हात धरायचीच. घरी आम्ही त्यांना 'काळे' म्हणायचो, जणू आम्ही बर्फातून निघालो होतो.

तो दुसऱ्यांदा आला तेव्हा डाव्या खांद्याच्या फऱ्यावर इस्त्रीची खूण होती. पूर्ण खूण, टोकासकट, आणि मधे वाफेच्या भोकांचे ठिपके. कडेची कातडी सुटून लोंबत होती आणि खाली गुलाबी मांस ओलं चमकत होतं. ड्रेसिंग करताना तो टेबलाची कड धरून होता. कड इतकी घट्ट धरली होती की उठल्यावर तळहातावर तिची रेघ उमटलेली. "दोघांनी धरलं," एवढंच म्हणाला. मग मान वळवून विचारलं, "मॅम, या वेळी लिहाल?"

मी म्हटलं, "मी बघते."

मी बघते, हे आपल्याकडे कशासाठी म्हणतात ते आपल्याला माहीत आहे. लायनीतून माणूस पुढे सरकावा म्हणून. त्याने मात्र खरंच धरलं की डॉक्टर बघणार. "थँक यू, मॅम," म्हणाला, आणि भाजलेल्या पाठीवर शर्ट चढवून निघून गेला. मी लिहिलं: कपड्यांना इस्त्री करताना अपघाताने भाजलं, डावा खांदा, मागची बाजू. लिहिताना हात थांबलासुद्धा नाही.

याच सुमारास मला समितीवर घेतलं. वरून फतवा आला होता की पलटणींमध्ये काळ्या सैनिकांना त्रास होतो अशी ओरड आहे, तेव्हा प्रत्येक छावणीने बाहेरची माणसं घेऊन सल्लागार समिती नेमावी. आमच्या समितीचे अध्यक्ष एक निवृत्त ब्रिगेडियर होते, आवाज न चढवता बोलणारे आणि कुत्र्यांवर जीव असणारे. छावणीतर्फे माणसांचं खातं सांभाळणारा एक मेजर. एक पाद्री. जमैकाहून तरुणपणी आलेल्या एक निवृत्त नर्स, सत्तरीच्या, बैठकीला नेहमी हॅट घालून येणाऱ्या. त्यांना मी सिस्टर म्हणायची, आपल्या इस्पितळातल्या सवयीने. त्यांना ते आवडायचं. आणि मी.

नवरा म्हणाला, "तुला कोट्यातून घेतलंय. डॉक्टर म्हणून नाही, शेड कार्ड बघून."

"जळतोस," मी म्हटलं. मी फुगले होते, खोटं कशाला बोलू. छावणीच्या पत्रकात आमचा फोटो आला तो मी नागपूरला पाठवला आणि भावाने तो तिथल्या पेपरात छापून आणला. नागपूरच्या लेकीचा ब्रिटिश फौजेत गौरव. माझ्या शाळेच्या बाईंचा फोन आला.

बैठकीत आम्ही चहा प्यायचो आणि शब्दांवर बोलायचो. सोबत्याला माकड म्हणणं ही थट्टा की छळ, यावर आमची एक अख्खी दुपार गेली. मेजरचं म्हणणं, थट्टेशिवाय फौज चालत नाही. पाद्री म्हणाला, दोन्ही बाजू समजून घ्याव्यात. भिंतीवर लावायच्या पोस्टरवर तीन चेहरे असावेत की चार, याच्यावर मतदान झालं. मी चारच्या बाजूने मत दिलं आणि काहीतरी केल्यासारखं वाटून घरी आले.

दुसऱ्या बैठकीत सिस्टरनी कप बाजूला सारला आणि मला सरळ विचारलं, "डॉक्टर, तुमच्याकडे मार खाल्लेली मुलं येतात का?"

इस्त्रीचं ड्रेसिंग मी आदल्या दिवशीच बदललं होतं. मी म्हटलं, "विशेष काही नाही. सैनिकच ते. पडतात, धडपडतात." सिस्टर माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. मेजरने ते लिहून घेतलं.

तिसऱ्या वेळी त्याच्या कानाचा पडदा फाटला होता. उघड्या तळव्याने कानावर मारलं की तसा फाटतो, ज्याने पाहिलाय त्याला बघताक्षणी कळतं. मी लिहिलं: रग्बी. तो रग्बी खेळत नव्हता. त्याने विचारलं, "ते बघताय ना, मॅम?" मी म्हटलं, "हो, चाललंय." तेव्हा मात्र मला लाज वाटली होती. पण दोन कागद आधीच खोटे असले की तिसरा खरा लिहिणं म्हणजे पहिल्या दोघांवर स्वतःच बोट ठेवणं. मी समितीवर होते. माझा फोटो पेपरात होता.

मग ती सकाळ. जेवणघरातून कुणीतरी धावत आलं आणि मी बॅग उचलून पळाले. नाश्त्याची वेळ होती. शंभरेक माणसं भिंतीला टेकून उभी होती आणि मधल्या मोकळ्या जागेत कॉर्पोरल पडला होता. नंतर कळलं ते असं की कॉर्पोरलने त्या सैनिकाची थाळी उचलली, तीत थुंकला आणि परत त्याच्यासमोर सरकवून म्हणाला, खा. तो उठला, स्टीलचा जड ट्रे दोन्ही हातांनी धरला आणि कडेने कॉर्पोरलच्या तोंडावर हाणला. तीन वेळा. तिसऱ्या वेळी कॉर्पोरल आधीच जमिनीवर होता.

डाव्या डोळ्याची खोबण फुटून आत गेली होती. नाक एका बाजूला. श्वास घेताना गळ्यातून रक्ताचे बुडबुडे येत होते. सांडलेल्या बीन्समध्ये दात पडले होते आणि कोणता बीन आणि कोणता दात ते कळत नव्हतं. मी गुडघ्यांवर बसले, तोंडात दोन बोटं घालून घशाशी अडकलेला दात बाहेर ओढला, त्याला कुशीवर वळवलं. हात यंत्रासारखे चालले होते आणि मला बरं वाटत होतं. ज्याचा जीव वाचवत होते त्याची ही दशा बघून मला आतून गार, स्वच्छ, बरं वाटत होतं. आजही त्याची लाज वाटत नाही.

पलीकडे त्या सैनिकाला तिघांनी पालथं पाडलं होतं. तो हलतही नव्हता, तरी एकाचा बूट त्याच्या मानेवर होता आणि दुसरा मोजून मोजून त्याच्या बरगडीत लाथ घालत होता. मी ओरडले, "पाय काढ! काढ म्हणते ना!" हे मी मराठीत ओरडले. तरी बूट निघाला. त्याने फरशीवर टेकलेला गाल न उचलता माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅम, तुम्ही सगळं लिहिलंय ना?"

मी कॉर्पोरलच्या तोंडावर बसवलेला ऑक्सिजनचा मास्क विनाकारण पुन्हा नीट केला.

कॉर्पोरलचा डोळा गेला. सैनिकाला कोठडीत टाकलं. लष्करी कोर्टात खटला उभा राहणार होता आणि त्याचा सगळा बचाव एकाच गोष्टीवर होता: महिनोन्महिने त्याला रंगावरून झोडपलं जात होतं आणि त्या दिवशी तो फुटला. कोर्टाला हे पटलं असतं तर शिक्षा कमी होऊन तो फौजेत राहण्याची आशा होती. नाही पटलं तर तुरुंग, मग बडतर्फी. फौजेतून काढलं की त्याचा या देशात राहायचा हक्कही जाणार होता, कारण कायम राहायला लागणारी नोकरीची चार वर्षं त्याची पुरी झाली नव्हती. म्हणजे विमानात बसवून परत. त्याने वकिलाला सांगितलं होतं, दवाखान्यातले कागद काढा, डॉक्टरनी सगळं लिहून ठेवलंय. कागद उघडायची परवानगी त्याने स्वतः सही करून दिली.

कमांडरने आमच्या समितीला मत विचारलं: या प्रकरणात वंशभेद होता का? आमचं उत्तर कोर्टासमोर जाणार होतं. समितीला पहिल्यांदाच काहीतरी खरं काम मिळालं होतं. मेजरने फाइल उघडली आणि कोरड्या आवाजात माझं हस्ताक्षर वाचायला सुरुवात केली. जिन्यावरून पडल्याचा इतिहास. कपड्यांना इस्त्री करताना अपघाताने भाजलं, डावा खांदा, मागची बाजू. रग्बी. "मारहाणीची एकही नोंद नाही," तो म्हणाला, "आणि या नोंदी कुणा परक्याच्या नाहीत. आपल्याच सन्माननीय सदस्य डॉक्टरांच्या आहेत." त्याने माझ्याकडे बघून मान तुकवली.

सिस्टर म्हणाल्या, "ते मधलं परत वाचा."

त्याने वाचलं.

"पाठीला इस्त्री कोण करतं?" सिस्टर म्हणाल्या.

पाद्री आपल्या बशीकडे बघत होता. मी उभी राहिले. बसून बोलता आलं असतं, पण उभी राहिले. "त्या नोंदी खोट्या आहेत," मी म्हटलं. "त्याने मला प्रत्येक वेळी खरं सांगितलं. कुणी मारलं, कशाने मारलं, काय म्हणत मारलं. मला लिहायला सांगितलं. मी लिहिलं नाही."

ब्रिगेडियर म्हणाले, "यावर आपण चहानंतर बोलू या."

चहानंतर बोलणं झालं नाही. इतिवृत्तात एक ओळ आली: वैद्यकीय नोंदी अधिक काटेकोर असाव्यात असं एका सदस्याने सुचवलं. समितीने मत दिलं की पुराव्याअभावी मत देता येत नाही. सिस्टरनी त्याच दिवशी राजीनामा दिला. गाडीपाशी त्यांनी मला गाठलं. मला वाटलं, माझ्या हिमतीबद्दल काही बोलतील. त्यांनी विचारलं, "आणखी कितीजण?"

पडला, धडपडला, रग्बी. किती तरी होते आणि त्यांतले कोण खरोखर पडले होते ते माझं मलाच माहीत नव्हतं, कारण काहींना तर मी विचारलंही नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं वॉर्डात काढली. गोऱ्या डॉक्टरांनी असं लिहिलेलं मी पाहिलंय. तुझ्याकडून मी वेगळी अपेक्षा केली, तो माझा मूर्खपणा." आणि गाडीत बसल्या.

मी त्याच्या वकिलाला लेखी जबाब देते असं घरी सांगितलं तेव्हा नवरा पोळ्या भाजत होता. तो म्हणाला, "वेडी आहेस का? तुझं रजिस्ट्रेशन जाईल. खोट्या नोंदी म्हणजे सीरियस मॅटर आहे, दे विल स्ट्राइक यू ऑफ. आपला व्हिसा तुझ्या जॉबवर आहे, माझ्या नाही. पोरीची शाळा?"

"त्याला परत पाठवतील."

"त्याने माणसाचा डोळा फोडलाय, अगं. खाली पडलेल्या माणसाला मारलंय. एका काळ्यासाठी तू..."

पोळपाट माझ्या हातात होता. तो मी फेकला. त्याच्यावर नव्हे, पण त्याच्या फार लांबूनही नव्हे. भिंतीची टाइल फुटून तुकडे कणकेत पडले. पोरगी दारात येऊन उभी राहिली. नवऱ्याने गॅस बंद केला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "काळ्यासाठी हा शब्द मी तुझ्याकडूनच शिकलो. इल्फर्डला."

पोरीने विचारलं, "आई, तू खोटा गोष्ट लिहिलीस?" नऊ वर्षांची होती, मराठी अर्धंमुर्धं. मी म्हटलं, "हो." तिने बाबाकडे पाहिलं, मग टाइलचे तुकडे गोळा करायला लागली. मी तिचे हात धरून तिला बाजूला केलं, कापेल म्हणून.

जबाब दिला. कोर्टात उभीही राहिले. सरकारी वकील बारीक, नीटनेटका, अतिशय सभ्य माणूस होता. त्याने तिन्ही कागद एकेक करून माझ्यासमोर धरले. ही सही तुमची? हो. ही? हो. आणि ही? हो. "मग डॉक्टर, तेव्हा तुम्ही खोटं लिहिलंत, की आज खोटं बोलताय?"

मी त्याला समजावायला गेले. नागपूर, कॅज्युअल्टी, एमएलसी, भंडाऱ्याचं कोर्ट, फेकलेली खुर्ची. मला वाटत होतं की कारण कळलं की माणूस कळतो. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग न्यायासनाकडे वळून म्हणाला, "म्हणजे सोयीप्रमाणे नोंद बदलणं ही या साक्षीदार डॉक्टरांची जुनी सवय आहे." माझा तोल गेला. मी ओरडले की त्याच्या पाठीवर अजून इस्त्रीची खूण आहे, शर्ट काढून बघा, डोळे आहेत ना तुम्हाला. न्यायाधीशांनी मला गप्प केलं. सरकारी वकील म्हणाला, खूण आहे हे मान्य आहे, ती कशी झाली ते आपल्यासमोर लिहिलेलं आहे. त्या चौघांपैकी तिघांनी साक्ष दिली की तो चांगला सोबती होता, जरा धांदरट. कॉर्पोरल काळा चष्मा लावून बसला होता.

आरोपीच्या जागी तो ताठ बसून होता. मी बोलत असताना त्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. शिक्षा झाली. आधी तुरुंग, मग बडतर्फी, मग घाना.

तुरुंगात पाठवण्याआधी कैद्याची तपासणी करून तो शिक्षा सोसायला धडधाकट आहे असं डॉक्टरने लिहून द्यावं लागतं. माझ्यावरची चौकशी अजून सुरू झाली नव्हती आणि छावणीत त्या आठवड्यात दुसरा एकच डॉक्टर होता, तोही सुट्टीवर निघालेला. त्यामुळे तो कागद माझ्या टेबलावर आला. खरं सांगते, मला आनंद झाला. त्या कागदावर जुन्या जखमांसाठी अर्धं पान कोरं असतं. मी ठरवलं होतं, सगळं लिहायचं. ओठ, बरगड्या, पाठ, कान, प्रत्येकाखाली कुणी, कशाने, काय म्हणत. पुढे अपील झालं तर उपयोगी पडेल. मी आदल्या दिवशी घरी तसा मसुदाही करून ठेवला होता.

दोन पहारेकऱ्यांनी त्याला आत आणलं आणि बेड्या काढल्या. मनगटांवर वळ होते. मी पहारेकऱ्यांना बाहेर काढलं, दार लावलं, हातमोजे चढवले. "शर्ट काढतोस का? या वेळी मी सगळं लिहिणार आहे."

तो बसलाच नाही. "मला दुसरा डॉक्टर हवाय, मॅम," तो म्हणाला.

मी म्हटलं, दुसरा डॉक्टर तुला ओळखत नाही. तो पाच मिनिटांत सही करून मोकळा होईल. मी ते सगळं लिहू शकते, मला सगळं माहीत आहे.

"माहीत आहे हे मला माहीत आहे," तो म्हणाला. त्याच हळू आवाजात. रागाने म्हणाला असता तर मी सहन केलं असतं. मी रागीट माणूस आहे, मला राग कळतो.

तो हक्क त्याचा होता. रुग्णाने तपासणीला नकार दिला की तसा शेरा मारून कारण लिहावं लागतं. मी कागद पुढे ओढला. "कारण काय लिहू?"

"तुम्हाला सोयीचं असेल ते लिहा, मॅम."

मी त्याला पुन्हा विचारलं नाही. लिहिलं: रुग्णाचा या डॉक्टरवर विश्वास नाही आणि तो नसावा याला पुरेसं कारण आहे. लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं. त्याने मान न हलवता ऐकून घेतलं. मी खाली सही केली, तारीख घातली, आणि दुसऱ्या डॉक्टरला फोन लावला. तो डॉक्टर येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. तेवढा वेळ सैनिक दाराशी उभा होता, पाठ भिंतीला लावून, आणि मी खुर्चीत बसून होते.